ढगाळ दिवसातला धबधबा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पावसाळा सुरू झाल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे धबधब्यांच्या छायाचित्रणाविषयी आहेत, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या परिसरातून फिरून आलेल्या वाचकांची आहेत. त्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या पावसाळी दिवसांना दिले आहे. इथे सांगितलेल्या गोष्टी आंबोलीत किंवा ठोसेघरलाही तशाच लागू पडतील.

प्रश्न : मी नाशिकला राहतो. गेली तीन वर्षे जुलै-ऑगस्टमध्ये रतनवाडी आणि घाटघरच्या रस्त्यावर धबधब्यांचे फोटो काढायला जातो. प्रत्येक वेळी आभाळ भरलेले असते. घरी येऊन पाहतो तर फोटोचा वरचा भाग पांढराफटक, धबधबा म्हणजे एक पांढरा पट्टा आणि उरलेले सगळे मळकट राखाडी. ऊन पडेल अशा एखाद्या दिवसाची वाट पाहावी का?

उत्तर : वाट पाहू नका. तुम्ही ज्या दिवसाला दोष देत आहात, तोच धबधब्यासाठी सर्वांत चांगला दिवस आहे, आणि हे मी तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही. सह्याद्रीचा कातळ काळा असतो, भिजल्यावर तर तो आणखी काळा होतो, आणि त्याच्यावरून पडणारे पाणी फेसाळून पांढरे झालेले असते. या दोन टोकांवर थेट ऊन पडले की त्यांच्यातले अंतर इतके वाढते की कॅमेरा एकाला सांभाळायला गेला तर दुसरे हातचे जाते. म्हणजे फेसातले धागे राखले तर कातळ डांबरासारखा दिसतो आणि कातळाचा पोत राखला तर पाण्याच्या जागी नुसता कोरा कागद उरतो. त्यात झाडांच्या सावल्यांचे कवडसे पाण्यावर पडले, तर कुठून कुठे पाणी वाहते हेही डोळ्याला कळेनासे होते. ढगाळ दिवशी प्रकाश एका बिंदूतून न येता सगळ्या आभाळातून येतो, कपारीच्या आतही पोचतो, आणि काळ्या-पांढऱ्यातले ते अंतर कॅमेऱ्याला पेलेल इतके कमी होते.

तुमच्या पत्रात आणि सोबतच्या छायाचित्रांत मिळून तीन तक्रारी आहेत आणि त्या एकाच कारणाच्या नाहीत, म्हणून त्यांचे उपायही वेगळे आहेत.

पहिली तक्रार पांढऱ्या आभाळाची. यावर एकच उपाय आहे, तो म्हणजे आभाळ चौकटीत घ्यायचेच नाही. ढगाळ दिवशी आभाळ हा चौकटीतला सर्वांत उजळ भाग असतो आणि त्याची बोटभर पट्टी जरी वर राहिली, तरी पाहणाऱ्याची नजर आधी तिथे जाते आणि मग नाइलाजाने खाली येते. रस्त्यावर गाडी थांबवून वाइड लेन्सने अख्खा कडा टिपण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही होतो, पण या दिवसांत ७० ते २०० मिलिमीटरची, म्हणजे दूरचे जवळ आणणारी, लेन्स अधिक कामाला येते. आपले हे डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झाले आहेत. टणक थर पायरीसारखा पुढे राहतो आणि त्याखालचा ठिसूळ थर झिजून आत जातो, म्हणून आपले धबधबे सहसा एका झेपेत पडत नाहीत, टप्प्याटप्प्याने उतरतात. त्यांतला एकच टप्पा निवडा. रतनवाडीच्या वाटेवर पुरुषभर उंचीचे कितीतरी ओहोळ आहेत, ज्यांना नावही नाही आणि ज्यांच्यासमोर कोणी थांबत नाही. मागे अशाच एका ओहोळासमोर मी दीड तास बसलो होतो. कातळाच्या कडेला नेच्याची तीन पाने होती, त्यांच्या टोकांवर तुषार साचून थेंब ओघळत होते, आणि पाण्याच्या दोन धारांच्या मधोमध, जेमतेम तळहाताएवढ्या ओल्या दगडावर, एक पिवळे झालेले पान चिकटले होते. त्या मोसमात मोठ्या धबधब्यांचे मी काढलेले एकही छायाचित्र त्या चौकटीच्या जवळ गेले नाही.

या नियमाला एक अपवाद आहे. ढग उतरून कड्याच्या निम्म्यावर आलेला असेल, तर वरची पांढरी जागा ही रिकामी जागा राहत नाही, कारण मग पाणी ढगातूनच खाली येताना दिसते. अशा वेळी आभाळ जरूर घ्यावे, मात्र कड्याची कड त्यात विरघळताना दिसली पाहिजे.

दुसरी तक्रार मळकट राखाडीची. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे दृश्य मध्यम करड्या उजेडाचे आहे असे गृहीत धरतो. चौकटीत धुके, फेस आणि आभाळ असे पांढरे जास्त असले, की त्यालाही तो करड्याकडे ओढतो आणि सगळे छायाचित्र काळवंडते. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) अधिक दोन-तृतीयांश, प्रसंगी अधिक एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) करा आणि लगेच हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, पाहा. फेसाचा एखादा ठिपका उजव्या, म्हणजे सर्वांत उजळ, टोकाला टेकला तर बिघडत नाही, परंतु सगळी धारच तिथे जाऊन बसली असेल तर तृतीयांश स्टॉपने मागे या. फाइल रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) ठेवली, तर ढगाळ प्रकाशातली निळसर झाक किंवा दाट झाडीखाली पाण्यावर येणारी हिरवट झाक घरी बसून काढता येते.

तिसरी गोष्ट तुम्ही स्पष्ट लिहिलेली नाही, पण सोबत पाठवलेल्या छायाचित्रांत ती दिसते. पावसाळ्यातला सह्याद्री इतका हिरवा असतो की डोळे निवतात, आणि तुमच्या छायाचित्रांत तो फिकट आला आहे. हा दोष पानांवरच्या चकाकीचा आहे. प्रत्येक ओले पान आरशासारखे पांढरे आभाळ परावर्तित करते आणि त्या पांढऱ्याखाली पानाचा मूळ रंग झाकला जातो. सर्क्युलर पोलरायझर ही चकाकी काढतो. निळे आभाळ गडद करणारा फिल्टर अशी त्याची ओळख असल्यामुळे ढगाळ दिवशी लोक तो घरी ठेवतात, आणि खरे तर त्याच दिवशी तो सर्वांत जास्त हवा असतो. एकदा नुसता हातात धरून, डोळ्यासमोर फिरवून, कर्दळीच्या किंवा कारवीच्या ओल्या पानाकडे पाहा. पाव फेरा होईपर्यंत पानावरचा पांढरा पापुद्रा उतरत जातो आणि आतली शीर अन् शीर दिसू लागते. एक सावधगिरी मात्र घ्या. कातळावरची सगळी चकाकी काढून टाकली, तर तो ओला वाटतच नाही, नुसता काळा आणि मुका दिसतो. म्हणून मी फिल्टर पूर्ण फिरवून पानांचा रंग आणतो आणि मग किंचित मागे घेतो, इतका की दगडाच्या कडांवर ओलाव्याची एक रेघ परत यावी.

प्रश्न : धबधब्याचे पाणी दुधासारखे मऊ दिसण्यासाठी शटर किती वेळ उघडे ठेवावे? पुण्यातल्या आमच्या गटात कोणी दोन सेकंद सांगतात, कोणी तीस. एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच) विकत घ्यावा का?

उत्तर : सर्व धबधब्यांना चालेल असा एक आकडा नाही, आणि तो नाही हीच यातली गंमत आहे. पाच मीटर पडलेल्या पाण्याचा वेग सेकंदाला जवळजवळ दहा मीटर होतो, म्हणजे पाव सेकंदात ते अडीच मीटर खाली जाते. तेच पाणी एका मीटरच्या पायरीवरून पडताना त्याच्या निम्म्याहूनही कमी वेगाने जाते. त्यातही धबधबा दूर असेल तर चौकटीतली त्याची हालचाल लहान दिसते आणि जवळ असेल तर मोठी. त्यामुळे समोरच्या फुगलेल्या धारेला एक-अष्टमांश सेकंद पुरतो, तर दगडांवरून झुळझुळणाऱ्या ओहोळाला अर्धा सेकंद लागतो.

माझे मत विचाराल तर पाण्याचे धागे दिसले पाहिजेत. कुठे धार जाड आहे, कुठे ती दगडावर आपटून फुटते, कुठे नुसते तुषार उडतात, हे सगळे साधारण पाव ते एक सेकंदात टिकून राहते. भर जुलैच्या पाण्याला चार-पाच सेकंद दिले की त्याचा कापूस होतो, आणि कापसाला वजन नसते. प्रवरेच्या पुरासमोर उभे राहून ज्याने तो आवाज छातीत ऐकला आहे, त्याला ते छायाचित्र आपले वाटणार नाही. तीस सेकंद हे डोहावर फिरणाऱ्या फेसाच्या वर्तुळांसाठी ठेवावेत.

आता हिशेब पाहू. दाट ढगांखाली उघड्यावर, आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती प्रतिसाद देतो त्याची पातळी) १०० आणि ॲपर्चर (लेन्सचे भोक; आकडा मोठा तितके ते लहान) एफ/११ असताना, शटर साधारण एक-पंधरांश सेकंदाच्या आसपास येते. पोलरायझर दीड ते दोन स्टॉप, म्हणजे तिपटी-चौपटीने, प्रकाश कमी करतो. तो लावला की तुम्ही पाव सेकंदाच्या जवळ आलात. झाडीतल्या घळीत तर फिल्टरशिवायच अर्धा सेकंद मिळतो. म्हणून एनडी फिल्टर घेण्याआधी चांगला पोलरायझर घ्या. त्यानंतरही घ्यावासा वाटला तर तीन स्टॉपचा, म्हणजे प्रकाश आठपटीने कमी करणारा, पुरेसा आहे. दहा स्टॉपच्या काळ्या काचेची ढगाळ दिवशी धबधब्यासमोर गरज पडत नाही. ॲपर्चर एफ/१६ च्या पुढे नेऊन वेळ वाढवू नका, कारण तिथून पुढे सगळ्या चित्राची धार बोथट होत जाते.

दोन गोष्टी आणखी. ट्रायपॉडचा पाय वाहत्या पाण्यात असेल तर तो थरथरतो आणि ते डोळ्याला दिसत नाही, छायाचित्रात दिसते. पाय दगडावर टेकवा, मधला दांडा खाली घ्या आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. दुसरी अडचण वाऱ्याची. पावसाळी वाऱ्यात कारवीचे रान क्षणभरही स्थिर उभे राहत नाही आणि अर्ध्या सेकंदात त्याचा हिरवा चिखल होतो. अशा वेळी कॅमेरा न हलवता दोन छायाचित्रे घ्यावीत, एक पाण्यासाठी संथ शटरचे आणि दुसरे आयएसओ वाढवून पानांसाठी जलद शटरचे, आणि घरी संगणकावर दोन्ही एकावर एक ठेवून हवा तो भाग राखावा.

घाटघरच्या कोकणकड्यावर किंवा नाणेघाटात जे उलटे धबधबे दिसतात, त्यांना मात्र यातले काहीच लावू नका. कोकणातून वर चढणारा वारा पडत्या पाण्याला पकडून परत माथ्यावर फेकतो, आणि शटर संथ ठेवले तर त्या ठिकाणी नुसते धुके असल्यासारखे दिसते. तिथे १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद शटर हवे, म्हणजे वर जाणारा प्रत्येक थेंब वेगळा दिसतो आणि पाहणाऱ्याला दिशा कळते.

प्रश्न : मागच्या वर्षी गाडीतून उतरून कॅमेरा काढला की लेन्सवर वाफ धरायची आणि पुसली तरी परत यायची. शिवाय आता लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे काहीतरी दिसते आहे. काय करावे?

उत्तर : गाडीतल्या एसीने लेन्स गार होते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर दव धरते. ठिकाण येण्याच्या अर्धा तास आधी एसी बंद करून काचा थोड्या उघडा, किंवा पोचल्यावर वीस-पंचवीस मिनिटे बॅग बंदच ठेवा. पुसत बसल्याने काच गरम होत नाही.

आतले जाळे म्हणजे बुरशी आहे. ती लेन्स ताबडतोब दुरुस्तीच्या जाणकाराकडे न्या आणि तोवर इतर लेन्सपासून वेगळी ठेवा. माझी एक लेन्स मी अशीच गमावली. हरिश्चंद्रगडावरून भिजून आलो, थकलो होतो म्हणून कॅमेरा ओल्या बॅगेत तसाच बंद ठेवला आणि आठवडाभर उघडला नाही. तेव्हापासून घरी आल्यावर माझा स्वतःचा टॉवेल नंतर आणि कॅमेऱ्याचे फडके आधी असा क्रम झाला आहे. बॅग वेगळी वाळत घाला. कॅमेरा आणि लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मापक घालून ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे, आणि जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतात. तुषारांत काम करताना लेन्सचे तोंड खाली करून ठेवा, चौकट ठरल्यावरच वर करा, आणि तीन-चार कोरडी मायक्रोफायबर फडकी वेगवेगळ्या खिशांत ठेवा, कारण पहिले फडके दहा मिनिटांत ओले होते. साध्या छत्रीइतके उपयोगी साधन मात्र मला अजून सापडलेले नाही.

प्रश्न : मी अकोले (अहिल्यानगर जिल्हा) इथल्या महाविद्यालयात शिकते. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. प्रो मोडमध्ये अर्धा सेकंद ठेवला तर फोटो पूर्ण पांढरा येतो. मोबाइलवर हे जमतच नाही का?

उत्तर : जमते, पण त्या वाटेने जमत नाही. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचे ॲपर्चर बहुधा एफ/१.८ च्या आसपास कायमचे ठरलेले असते आणि ते लहान करता येत नाही, म्हणून ढगाळ उजेडातही अर्ध्या सेकंदात गरजेपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश आत येतो. आयफोन असेल तर लाइव्ह फोटो काढून नंतर ‘लाँग एक्सपोजर’ निवडा; अँड्रॉइडच्या अनेक फोनांतही वाहत्या पाण्यासाठी असा पर्याय असतो, ज्यात अनेक झटपट छायाचित्रे एकत्र करून पाणी मऊ केले जाते. फोन दगडावर टेकवून, टायमर लावून काढा. पोलरायझ्ड गॉगल असेल तर त्याची काच फोनच्या लेन्सला चिकटवून फिरवा, पानांचा रंग तुमच्या डोळ्यांसमोर बदलेल. आणि तुम्ही भंडारदऱ्याच्याच अकोले तालुक्यात राहता ही बाब महागड्या कॅमेऱ्याहून मोठी आहे. आम्ही शनिवार-रविवार पाहून येतो. तुम्हाला मंगळवारी दुपारी पाऊस थांबल्याबरोबर निघता येते.

प्रश्न : माझी मुलगी मैत्रिणींबरोबर धबधब्यांचे फोटो काढायला जाते. तिला अडवायचे नाही, पण काळजी वाटते. तिला नेमके काय सांगू?

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, आणि त्याआधी काही मिनिटे ते पाणी उभे राहता येईल असेच होते. तिला सांगा की ओढ्यातले पाणी आपल्या डोक्यावरच्या पावसाने वाढत नाही, वरच्या माथ्यावरच्या पावसाने वाढते, आणि माथा ढगात असेल तर तिथे काय चालले आहे ते खालून दिसत नाही. पाणी अचानक गढूळ झाले, त्यात काटक्या आणि पालापाचोळा येऊ लागला किंवा आवाज जड झाला, तर ट्रायपॉड उचलण्यासाठीसुद्धा थांबू नये. प्रवाहाच्या मधल्या दगडावर उभे राहून काढावे लागेल असे छायाचित्र सोडून द्यावे. ज्या कातळावर हिरवे-काळे शेवाळ आहे तिथे कोणताही बूट टिकत नाही. रंधा धबधबा भंडारदरा धरणाच्या खालच्या अंगाला प्रवरेवर आहे, म्हणजे त्याचे पाणी धरणातून सोडलेल्या विसर्गावरही अवलंबून असते. तिथे कठड्याच्या आतच राहावे. निघण्यापूर्वी प्रशासनाचा बंदी आदेश आहे का ते पाहावे, आणि असेल तर जाऊ नये.

आणखी एक विनंती तुमच्या मुलीला आणि सर्वच वाचकांना. जुलैमध्ये या भागात आवणी चालू असते. चांगली चौकट मिळावी म्हणून भातखाचरांच्या बांधांवरून चालू नका. ओला बांध पायाखाली खचतो, खाचरातले पाणी निघून जाते आणि ते पुन्हा धरायला त्या घरातल्या माणसांचा अख्खा दिवस जातो. चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या बायकांचे छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नका.

प्रश्न : एकच वेळ जाता येणार असेल तर कोणता महिना निवडावा?

उत्तर : मी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा निवडेन. जुलैत पाणी भरपूर असले तरी मातीने तांबूस असते आणि ढग कित्येकदा दिवसभर उठतच नाही. सप्टेंबरमध्ये पाणी निवळलेले असते, धारा वेगवेगळ्या दिसतात, कातळावर सोनकी आणि तेरडा फुललेला असतो आणि आभाळ बहुतेक सकाळी झाकलेले असते. मुक्काम रतनवाडीत करा आणि उजाडताच अमृतेश्वराच्या मंदिरामागच्या ओढ्याने वर चालू लागा. ऊन निघण्याची शक्यता दहा-साडेदहानंतरची, आणि ते निघाले तर कॅमेरा बॅगेत ठेवून गावात परत या. दुपारी पुन्हा ढग येतात.